किल्ली येवल्याला गेली

त्या दिवशी माझ्याकडे सगळं होतं. चिठ्ठीच्या दोन प्रती, दोन्हींवर डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख. आधार कार्ड. सुटे पैसेसुद्धा. माझ्या पर्समध्ये एवढ्या वस्तू एकाच वेळी हजर असण्याचा योग आमच्या नाशकातल्या सिंहस्थाइतकाच दुर्मीळ. आणि नेमका त्याच दिवशी मेडिकलमधला पोऱ्या म्हणाला, "गोळ्या आहेत मॅडम, पण कपाटाची किल्ली येवल्याला गेलीय."

किल्ली एकटी गेली नव्हती, शेठच्या खिशात बसून लग्नाला गेली होती. "चुकून राहिली खिशात. होतं असं माणसाचं," पोऱ्या म्हणाला. शेठचं झालं की ते माणसाचं होतं. माझं झालं की फाईल तयार होते.

कपाट कशाला, तर मिथाइलफेनिडेट हे माझं एडीएचडीचं औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येतं. त्यासाठी दुकानाला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक प्रत दुकानदारानं दोन वर्षं जपायची आणि गोळ्या कुलपात ठेवायच्या. एवढी उस्तवार कोण करणार? बहुतेक दुकानदार औषधाचं नाव ऐकूनच मान हलवतात. याचा गैरवापर होऊ शकतो हे मला मान्य आहे, कुलूप खुशाल असू दे. पण तारीख, कागद, किल्ली आणि रांग सांभाळणं जमत नाही म्हणून ज्याला हे औषध लिहून दिलंय, त्यानंच ते मिळवायला दर महिन्याला तारीख, कागद, किल्ली आणि रांग सांभाळायची! ही योजना ज्यानं काढली त्याची एकाग्रता उत्तम असणार.

"पेशंट कोण आहे?" पोऱ्यानं विचारलं.

"मी."

"नाही, म्हणजे गोळ्या घेणार कोण?"

"मीच."

त्यानं चिठ्ठी पुन्हा वाचली. माझं वय पुन्हा पाहिलं. "एडीएचडी तर लहान मुलांना असतो ना?"

"लहान मुलं मोठी होतात," मी म्हटलं. आणि इथे काकांनी प्रवेश केला.

काका माझ्या मागे इसबगोलाचा डबा घेऊन उभे होते. "एडीएचडी म्हणजे काय रे?" त्यांनी विचारलं. मला नाही, पोऱ्याला.

"लक्ष लागत नाही त्यांचं."

"कशात?"

"कशातच."

काकांनी डबा काउंटरवर ठेवला. हातातली वस्तू खाली ठेवणारा माणूस लवकर जात नसतो.

"मॅडम, एक विचारू? टीव्ही बघता?"

"बघते."

"सलग?"

"कधीकधी पहाटे तीनपर्यंत."

"मग लागतंय की लक्ष!" काका खूश झाले. "बरं, आता मला सांगा, मी आल्यापासून काय काय बोललो?"

परीक्षा म्हटली की मला चेव येतो. त्यांचे सगळे प्रश्न मी क्रमानं म्हणून दाखवले. वर हेही सांगितलं की तुमच्या शर्टाचं तिसरं बटण निळ्या दोऱ्यानं शिवलंय, बाकीची पांढऱ्या. मागच्या फळीवर ग्लुकोजचा एक डबा उलटा आहे. पंखा थांबून थांबून कुरकुरतोय. आणि बाहेरचा रिक्षावाला दुसऱ्याला सांगतोय की मेहुण्यानं त्याचे पैसे बुडवले.

काका तिसरं बटण चाचपत म्हणाले, "शंभरपैकी शंभर! काही झालेलं नाही यांना. गोळ्या देऊ नकोस रे."

"किल्लीच नाहीये काका."

"असली तरी देऊ नकोस."

आता काकांना कोण सांगणार की हेच तर दुखणं आहे! लक्ष कमी नसतं, ते सांगितलेल्या जागी बसत नाही. बटण, पंखा, मेहुणा, सगळं एकाच दारातून आत घुसतं आणि दाराशी कोणी नसतं. या सगळ्या गडबडीत पोऱ्यानं म्हणे शेठ कधी परत येणार ते मला दोनदा सांगितलं होतं. तेवढं मात्र माझ्या कानावर आलं नाही.

मग उपचार सुरू झाले. शंखपुष्पी. ब्राह्मी. भिजवलेले बदाम, तेही साल काढून. पहाटे उठून अथर्वशीर्ष. "आणि आमच्या वेळी दोन धपाट्यांत पोरं सरळ व्हायची." मी म्हटलं, काका, तो कोर्स माझा पाठीवर पूर्ण झालाय. त्यांना ते ऐकू गेलं नाही. लक्ष नव्हतं त्यांचं.

माझं निदान मुलाच्या मागून आलं. त्याच्या तपासणीचा फॉर्म भरता भरता मी माझंच चरित्र लिहीत होते. मोठ्या माणसाच्या बाबतीत लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी होती का, हे पाहतात. म्हणून डॉक्टरांनी माझ्या आईला फोन लावायला सांगितला. आई ठाम होती. "हिला काही नव्हतं हो. अगदी शांत पोर. दप्तर तेवढं शाळेत विसरायची. चपला देवळात. एकदा धाकट्या भावाला वाण्याच्या दुकानात विसरून आली, पण गूळ बरोबर आणला होता." डॉक्टर बराच वेळ लिहीत होते. मुलगे वर्गात धिंगाणा घालतात, म्हणून लवकर सापडतात. मुली बऱ्याचदा खिडकीबाहेर बघत बसतात, त्याची तक्रार कोण करणार! जुळ्यांच्या अभ्यासांनुसार हा प्रकार ७० ते ८० टक्के आनुवंशिक आहे, असं घरी सांगितल्यावर सासूबाईंचा चेहरा उजळला. "तरी मी म्हणतच होते, आमच्याकडे कोणी असं नाही."

हे औषध १९४४ मध्ये सिबा कंपनीच्या लिआंद्रो पानित्सोन या रसायनशास्त्रज्ञानं बनवलं. त्याच्या बायकोचं नाव मार्गरीट, लाडानं रीटा. टेनिस खेळायच्या आधी ती ही गोळी घ्यायची म्हणतात, आणि तिच्या नावावरून गोळीचं नाव पडलं रिटालिन. म्हणजे रीटाबाईंना नवरा घरपोच आणून देत असणार. दोन प्रती नाहीत, येवला नाही, काका नाहीत. आणि हवं कशाला, तर टेनिसला! मला निदान गॅसवरचं दूध आठवायचं असतं.

काका तुम्हाला गमतीचे वाटले असतील. मलाही घरी पोचेपर्यंत वाटत होते. मग डोक्यात आलं, मुलगा बरोबर असता तर? दहा वर्षांचा आहे तो. वहीत रोज लाल शाईनं 'लक्ष देत नाही' घेऊन येतो, आणि तरी रोज सकाळी पुन्हा शाळेत जातो. त्याच्यासमोर एक अनोळखी माणूस 'काही झालेलं नाही, दोन धपाटे द्या' म्हणाला असता आणि काउंटरपलीकडचा पोऱ्या हसला असता, तर ते त्यानं कधीच विसरलं नसतं. विसरायच्या गोष्टी नेमक्या आम्ही विसरत नाही. आणि दाद मागायची कुणाकडे? दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्यात २१ प्रकार मोजलेत, त्यांत एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. कुलपाच्या कायद्यात आम्ही आहोत, हक्काच्या कायद्यात नाही.

निघताना पोऱ्या म्हणाला, "नंबर सांगून ठेवा, शेठ आले की कळवतो." मी सांगितला. त्याला नीट ऐकू आला नाही, म्हणून मोठ्यानं पुन्हा सांगितला.

शेठचा फोन अजून आलेला नाही. काकांचा मेसेज मात्र त्याच रात्री आला. 'नमस्कार मॅडम, मेडिकलमध्ये भेटलो होतो. एकाग्रता वाढवण्यासाठी जरूर पाहा, मध्ये थांबवू नका.' खाली व्हिडिओ आहे. एक तास बावन्न मिनिटांचा.