झाडं हरियाणात लावून निकोबारचं घुबड वाचेल?

ग्रेट निकोबार बेटावर बंदर, विमानतळ, वीजप्रकल्प आणि नवं शहर उभारण्याच्या सरकारी प्रकल्पाची बाजू मांडणारा एक मजकूर बरेच दिवस ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अंदमान-निकोबारच्या जंगलापैकी दोन टक्केही जाणार नाही, बदल्यात दुसरीकडे झाडं लावणार आहेत, दोन राष्ट्रीय उद्यानं शाबूत आहेत, आणि पक्षी उडून पलीकडे जातील. बंदर हवं की नको, यावर मतभेद असू शकतात. पण निकोबार स्कॉप्स घुबड या फक्त निकोबार बेटांवर आढळणाऱ्या छोट्या घुबडापुरतं बोलायचं तर यातला एकही मुद्दा टिकत नाही.

आधी टक्केवारी. प्रकल्पासाठी १३०.७५ चौरस किलोमीटर वनजमीन बांधकामासारख्या इतर वापरासाठी वळवली जाणार आहे. तिला अख्ख्या द्वीपसमूहाच्या जंगलाने भागलं की १.८२ टक्के येतात. पण हे घुबड अंदमानात राहत नाही. ग्रेट निकोबार बेट साधारण ९१० चौरस किलोमीटरचं. त्याने भागलं तर आकडा चौदा टक्क्यांच्या वर जातो. यातली निम्म्याच्या आसपास जमीन हरित पट्टा म्हणून राखणार असं सरकार सांगतं, तेही धरू. मात्र रस्ते, वस्ती आणि दिव्यांच्या मध्ये उरलेले तुकडे म्हणजे सलग जंगल नव्हे.

राष्ट्रीय उद्यानं आहेत, खरंच आहेत. ती मुख्यतः आतल्या डोंगराळ भागात, प्रकल्प दक्षिण आणि आग्नेय किनाऱ्यावर. आणि या घुबडाची ओळखच किनाऱ्यालगतची. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी १९६६मध्ये बेटाच्या किनाऱ्यावरच्या कॅम्पबेल बे इथे मिळवलेला त्याचा नमुना मुंबईत बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) संग्रहात होता. ही वेगळी जात आहे हे अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी मांडलं ते थेट १९९८मध्ये. तेव्हा हाताशी नमुने दोनच होते, दुसरा १९७७चा. इतकी थोडी माहिती असलेला पक्षी ‘पलीकडे जाईल’ हे कुणी कशाच्या आधारावर सांगतंय? पलीकडच्या जंगलातल्या जागा आधीच दुसऱ्या जोड्यांनी धरलेल्या असतात.

झाडं लावण्याचा मुद्दा मला सर्वांत जास्त खटकतो. संसदेत दिलेल्या उत्तरानुसार ९.६४ लाख झाडं तुटू शकतात, आणि भरपाईची लागवड ठरली हरियाणात. तिथल्या कोरड्या जमिनीवर झाडं जरूर लावावीत, तिथल्या पक्ष्यांना ती लागतील. पण स्कॉप्स घुबडं ढोलीत अंडी घालतात. ढोली व्हायला खोड जाड व्हावं लागतं, फांदी मोडून आतलं लाकूड कुजावं लागतं. त्यात कित्येक दशकं जातात. रोपाला ढोली नसते. नमुन्यांच्या पोटात कोळी, भुंगेरा आणि पाल सापडली होती. हे खाद्यही जुन्या, ओल्या जंगलातच मुबलक.

२०२२च्या पर्यावरण मंजुरीतच एक अट आहे: स्थानिक घुबडांच्या ढोल्या असलेली झाडं ‘सॅकॉन’ या पक्षी-संशोधन संस्थेच्या मदतीने शोधून त्यांची जागा नोंदवावी आणि ती शक्यतो वाचवावीत. म्हणजे धोका आहे हे मंजुरी देणाऱ्यांनाही मान्य आहे. पण आजूबाजूचं रान साफ करून ढोलीचं एकटं झाड उभं ठेवलं, तर जोडीने शिकार कुठे करायची?

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक टप्प्याच्या तोडीआधी, विणीच्या हंगामात, रात्री आवाजांवरून घुबडांची गणना व्हावी. ढोल्यांचे नकाशे लोकांसमोर ठेवावेत. आणि जिथे जोडी सापडेल तिथे झाडाबरोबर भोवतालचं जंगलही तोडीतून वगळावं.