शाळेला नको, कोर्टाला हवी

आज 7 नोव्हेंबर. 1944 साली याच दिवशी बुडापेस्टच्या तुरुंगात हंगेरीची ज्यू कवयित्री हाना सेनेश हिला गोळ्या घातल्या. वय 23. डोळ्यांवर पट्टी बांधून घ्यायला तिने नकार दिला, हे सगळेच सांगतात. कैसरियाच्या किनाऱ्यावर सुचलेली तिची छोटीशी कविता इस्रायलमध्ये आजही गायली जाते. ते सगळं खरंच आहे, पण हुतात्म्याचा एकदा पुतळा झाला की आतलं माणूस दिसेनासं होतं. तिकडेही आणि आपल्याकडेही.

मला मात्र तिची शाळा आठवते. वडील बेला सेनेश नाटककार, ती लहान असतानाच गेले. लिहिणं घरातूनच आलेलं. 1937 मध्ये शाळेच्या साहित्य मंडळावर मुलींनी तिला निवडून दिलं आणि ज्यू म्हणून ते पद तिच्याकडून काढून घेतलं गेलं. एवढंसं पद हो! पण त्यानंतर ही मुलगी हिब्रू शिकायला बसली आणि 1939 मध्ये तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात असलेल्या पॅलेस्टाईनला निघून गेली. आधी नहलालची शेतकी शाळा, मग स्दोत याम हा किबुत्झ, म्हणजे सामुदायिक वसाहत. तिथे वाट्याला काय, तर धुणं आणि स्वयंपाकघर. कपडे घासता घासता आपण वाया चाललोय असं तिला वाटायचं, डायरीत तशी कुरकुर आहे. मला ती तिथेच सगळ्यात जवळची वाटते.

जानेवारी 1943 मध्ये तिच्या मनाने घेतलं की हंगेरीला परत जायचं, आणि आईलाही बाहेर काढायचं. ब्रिटिश सैन्यात भरती झाली, इजिप्तमध्ये प्रशिक्षण झालं. मार्च 1944 मध्ये ती पॅराशूटने युगोस्लाव्हियात उतरली आणि काही दिवसांतच जर्मनीने हंगेरी ताब्यात घेतला. जूनमध्ये तिने सीमा ओलांडली तेव्हा हंगेरीतल्या ज्यूंना ऑशविट्झच्या मृत्युछावणीत नेणाऱ्या गाड्या भरून चालल्या होत्या. दोन महिन्यांच्या आत सुमारे 4,37,000 माणसं नेली. ती लगेच पकडली गेली. पकडणाऱ्यांना तिच्या ट्रान्समीटरचा, म्हणजे बिनतारी संदेशयंत्राचा, कोड हवा होता. मारलं, दात पाडला, तरी बोलेना, म्हणून आईला बोलावून घेतलं.

आईला, कातालिनबाईंना, मुलगी कुठे आहे असं विचारलं, तर त्या म्हणाल्या, पॅलेस्टाईनमध्ये. लेक एवढी लांब, सुखरूप आहे, हाच त्या माउलीचा आधार होता. आणि समोर आणून उभी केली ती ही. तरीही कोड मिळाला नाही. पुढे त्याच तुरुंगात हाना कागदाची मोठाली अक्षरं कापून खिडकीत एकेक धरायची आणि समोरच्या कोठड्यांना बातम्या कळवायची.

मोहीम फसली, मग एवढं कौतुक कशाचं, असं विचारणारेही आहेत. फसली, कबूल. पण मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. तिच्यावर खटला चालला देशद्रोहाचा. 1937 मध्ये शाळा म्हणाली, तू आमची नाहीस. 1944 मध्ये कोर्ट म्हणालं, तू आमचीच, म्हणून गद्दार. साहित्य मंडळापुरती परकी आणि गोळी घालण्यापुरती घरची!

आई वाचली, पॅलेस्टाईनला पोचली. 1950 मध्ये हानाचे अवशेष जेरुसलेमला हर्झल टेकडीवरच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत आणले. देशद्रोहाचा शिक्का हंगेरीच्या कोर्टाने पुसला तो थेट नोव्हेंबर 1993 मध्ये.

कातालिनबाई 1992 मध्ये गेल्या.