ठाण्याला बंदर म्हटलं म्हणून…

जुने नौपाडेकर, नमस्कार.

ठाण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया झोंबली, पण मुद्द्याची आहे म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं, की ठाण्याला व्यापारी बंदर म्हणणं म्हणजे उगाच मोठेपणा चिकटवणं; गावाला इतिहास मिळाला तो १६ एप्रिल १८५३ ला, आगगाडीसोबत; आणि तुरुंगाला प्रेक्षणीय स्थळ म्हणणारा मी पहिलाच.

अहो, गाडी आली ती नांदत्या गावात. उत्तर कोकणच्या शिलाहार राजांची राजधानी इथलीच. तेराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो याच्या वर्णनात ठाणं येतं ते राज्य म्हणून. इथून कातडी, सुती कापड आणि धूप जायचा. सोनं, चांदी, तांबं यायचं. त्यातला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे राजाचं आणि चाच्यांचं साटंलोटं. लुटीत घोडे सापडले की ते राजाचे, बाकी माल चाच्यांचा! राजाला घोड्यांची चणचण, आणि समुद्रमार्गे घोडे तर चिक्कार जात होते. जिथे व्यापारच नाही तिथे चाचे कशाला मरायला येतील?

आता तुरुंग. आत जाता येत नाही, कबूल. पण तो मुळात किल्ला आहे आणि का आहे ते खाडीकडे बघितल्याशिवाय कळत नाही. साष्टी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधलं पाणी इथे चिंचोळं होतं. ही जागा ज्याच्या हातात, त्याची नजर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर. म्हणून पोर्तुगीजांनी किल्ल्याचं काम काढलं, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी. याच तुरुंगात १९ एप्रिल १९१० रोजी नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनला मारणारे क्रांतिकारक अनंत कान्हेरे फासावर गेले. नुसता तट बघायला गेलो तरी माझी चक्कर फुकट जात नाही.

बंदर मागे पडलं ते मुंबईमुळे. मोठी जहाजं तिकडे, आणि माल रुळांवर. मग गावानेही खाडीकडे पाठ फिरवली आणि तुमच्या-आमच्यासाठी ठाणं म्हणजे स्टेशन झालं. चेंदणी कोळीवाड्याचं तोंड मात्र आजही पाण्याकडेच आहे. स्टेशनपासून पायी जाता येतं, पण जातंय कोण?

तलावपाळी, कोपिनेश्वराची ती भलीमोठी पिंड, चर्च, गडकरी रंगायतन हे तुम्हाला पाठ असेल, त्यावर शाई खर्च करत नाही.

‘खाडी म्हणजे गटार’ हे वाक्य मात्र जिव्हारी लागलं. घाण आहे, नाही कशाला म्हणू? तरी २०१५ मध्ये तिचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. हिवाळ्यात ऐरोलीच्या बाजूने एकदा बघाच. फक्त भरतीची वेळ बघून निघा. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी लांबवर पांगतात, पाणी चढू लागलं की कडेला सरकतात.