तिकडे ६७, इकडे ५८? हिशेब जरा नीट मांडूया

सध्या कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर जोरात फिरतोय. तालमीच्या ग्रुपवर आहे, सोसायटीच्या ग्रुपवर आहे, दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर तर आहेच. आशय असा : इंग्लंड-जर्मनीत माणसाला ६७ पर्यंत राबावं लागतं, आपल्याकडे सरकारी नोकर ५८ ला घरी येतो आणि फुकट पेन्शन खातो. सरासरी आयुर्मान ७० झालंय, म्हणजे बारा वर्षं नुसतं बसून खाणं. निवृत्तीचं वय ६० केलं की राज्याचे हजारो कोटी वाचतील. यात कुणाचंच नुकसान नाही, कारण म्हातारपणी सरकार सगळ्यांनाच काही ना काही देतं. आणि शेवटी ठळक अक्षरांत : निर्णय झालाय, पुढच्या महिन्यापासून लागू.

गंमत अशी की हा मजकूर दोन्ही बाजूंचे लोक पुढे ढकलतायत. ६० ची मागणी करणारे कर्मचारीही आणि कर्मचाऱ्यांच्या नावानं बोटं मोडणारेही. दोघांनी तो शेवटपर्यंत वाचला असेल असं वाटत नाही. मी उद्यमनगर आणि शिरोलीच्या कामगारांचे पीएफ-पेन्शनचे कागद बघतो, त्यामुळे मला तो वाचणं भाग पडलं. रोज कुणी ना कुणी मोबाईल पुढे धरून विचारतो, "साहेब, आता आमचं पण ६० होणार का?" तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

पहिला मुद्दा, इंग्लंडचा. तिथलं ६७ हे नोकरी सोडण्याचं वय नाहीच. ६५ झाले म्हणून मालकानं कामगाराला घरी पाठवायची तिथली जुनी सोय २०११ मध्ये मोडीत निघाली. आज तिथला माणूस ७२ व्या वर्षीही दुकानात काम करू शकतो आणि गाठीला पैसे असतील तर ५७ व्या वर्षी घरीही बसू शकतो. ६७ चा संबंध फक्त एका गोष्टीशी आहे : सरकारकडून मिळणारी पेन्शन कधी सुरू होणार. आपल्याकडचं ५८ हे सरकारी नोकरीतून सक्तीनं बाहेर पडण्याचं वय. या दोन आकड्यांची तुलना म्हणजे बिंदू चौक ते रंकाळा अंतर किती, या प्रश्नाला रिक्षाचं भाडं सांगणं.

आणि तिथली ती पेन्शन कुणाला मिळते? बसचालकाला, शिंप्याला, घरकाम करणाऱ्या बाईला, स्वतःचा धंदा करणाऱ्याला. ज्यानं राष्ट्रीय विम्याची किमान दहा वर्षांची वर्गणी भरली त्याला थोडी, ज्याची ३५ वर्षं भरली त्याला पूर्ण. लहान मूल सांभाळत घरी थांबलेल्या आईच्या खात्यावरही त्या वर्षांची नोंद होते. शिवाय दरवर्षी ती वाढते. महागाई, पगारवाढ आणि अडीच टक्के, या तिन्हींत जे जास्त असेल तेवढी. आपल्या मजकूरकर्त्यानं ६७ तेवढं उचललं आणि हे सगळं तिथंच ठेवलं.

ते वय वाढवणंही तिथं सुखासुखी झालं नाही. पूर्वी पुरुषांना ६५ आणि बायकांना ६० होतं. १९९५ च्या कायद्यानं बायकांचं वय हळूहळू ६५ करायचं ठरलं, २०११ मध्ये त्याला आणखी वेग दिला, ऑक्टोबर २०२० पर्यंत दोघांचं ६६ झालं आणि आता २०२६ ते २०२८ दरम्यान ते ६७ वर जातंय. १९५० च्या दशकात जन्मलेल्या लाखो बायकांचं म्हणणं असं की आम्हाला वेळेत कुणी सांगितलंच नाही. ६० ला पेन्शन येईल म्हणून कामं सोडली, तर पुढची पाच-सहा वर्षं हातात काहीच नाही. पत्रं पाठवायला खात्यानं उशीर केला हे तिथल्या लोकपालांनी मान्य केलं, २०२४ मध्ये भरपाईची शिफारसही केली. सरकारनं दिलगिरी व्यक्त केली आणि भरपाई नाकारली. फ्रान्समध्ये २०२३ मध्ये ६२ चं ६४ करायला निघाले तर सगळा देश रस्त्यावर आला. जर्मनीनं २००७ मध्ये कायदा केला आणि ६५ वरून ६७ वर यायला २०३१ पर्यंतची मुदत ठेवली. तेव्हा ‘तिकडे बघा’ म्हणायचं असेल तर हेही बघावं लागेल.

‘इकडे ५८’ हासुद्धा अर्धाच आकडा आहे. महाराष्ट्रात गट अ, ब आणि क यांना ५८ आहे. शिपाई, चौकीदार अशा गट ड च्या लोकांना आधीपासून ६० आहे. केंद्रानं १९९८ मध्येच ५८ चे ६० केले. तेलंगणात ६१, आंध्रात ६२. म्हणजे एकाच कचेरीत साहेब ५८ ला जातो आणि त्याचा शिपाई ६० ला. राजपत्रित अधिकारी महासंघाची ६० ची मागणी याच विसंगतीवर बोट ठेवत आली आहे आणि त्यात तथ्य आहे.

आता आयुर्मान. ७० उणे ५८ म्हणजे बारा, हे गणित दिसायला सोपं आहे म्हणूनच चुकीचं आहे. ७० हे जन्मताच्या बाळाचं सरासरी आयुर्मान. त्यात पाळण्यात गेलेली मुलं आली, तरुणपणी रस्त्यावर गेलेली पोरं आली. जो साठीपर्यंत पोचला तो आपल्या देशात सरासरी आणखी अठराएक वर्षं जगतो. म्हणजे मजकूरकर्त्यानं स्वतःच्याच बाजूची बाजी कमी करून सांगितली. पण ही सरासरी सगळ्यांना सारखी लागत नाही. फाउंड्रीत तीस वर्षं भट्टीपुढं उभा राहिलेला, वाळूची धूळ छातीत भरून घेतलेला मोल्डर आणि पंख्याखाली फाईल चाळणारा कारकून यांचं अठ्ठावन्नावं वर्ष एक नसतं. ‘लोक जास्त जगतात, मग जास्त काम करा’ हे वाक्य पहिल्याला ऐकवून बघा.

सगळ्यात जास्त विश्वास लोक ठेवतात तो हजारो कोटींवर. तेव्हा इथं जरा कागद-पेन्सिल घेऊ. समजा एका कर्मचाऱ्याचं शेवटचं मूळ वेतन ७०,००० आहे. तो निवृत्त झाला की जुन्या योजनेनुसार शेवटच्या वेतनाच्या निम्मी, म्हणजे ३५,००० पेन्शन. त्याच्या साखळीत खाली जी जागा मोकळी झाली तिथं नवा माणूस २५,५०० वर आला. नव्या माणसाच्या पेन्शन खात्यात सरकार १४ टक्के भरणार, म्हणजे आणखी साडेतीन हजार. एकूण ६४ हजारांच्या आसपास. महागाई भत्ता दोन्हीकडे लागतो, तो बाजूला ठेवू. आणि जुन्याच माणसाला दोन वर्षं ठेवलं तर? ७०,०००, त्यावर वर्षाला तीन टक्के वाढ. मग वाचलं काय?

वाचत नाही, पुढं ढकललं जातं. उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अंशराशीकरणाची रक्कम, म्हणजे आपण ज्याला ‘पेन्शन विकणं’ म्हणतो ती, दोन वर्षं उशिरा द्यावी लागते. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात तो आकडा दिसत नाही आणि वित्त विभागाला श्वास मिळतो. पण दोन वर्षांनी तीच रक्कम वाढलेल्या वेतनावर मोजून द्यावी लागते, पेन्शनही वाढलेल्या वेतनाच्या निम्मी. खरी बचत एकाच प्रकारे होते : मोकळी झालेली जागा भरायचीच नाही. तसं असेल तर तसं सांगावं, ते निवृत्तीच्या वयाच्या नावावर का खपवायचं?

‘कुणाचंच नुकसान नाही’ हे वाचताना मला राजारामपुरीतल्या अभ्यासिकांत रात्री बारापर्यंत बसणारी मुलं दिसतात. गट अ, ब, क मध्ये दोन वर्षं वयानं निवृत्तीच नाही म्हणजे तशी मोकळी होणारी एकही जागा नाही. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांची ४३. सदतिशीतल्या मुलाची ती दोन वर्षं गेली की गेली. मार्च २०२३ मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्यभर संप झाला, तेव्हा कोल्हापुरातच बेरोजगार तरुणांनी त्याविरुद्ध मोर्चा काढला होता. त्यांचं सगळं म्हणणं मला पटलं नव्हतं, पण त्यांचा राग कुठून येतो ते कळत होतं.

तरी ६० च्या बाजूचा एक युक्तिवाद खरा आहे, जो या मजकुरात नाहीच. वयोमर्यादा वाढल्यामुळं अनेकजण चाळिशीच्या आसपास नोकरीत लागतात. ४० ला लागलेल्याला ५८ पर्यंत अठरा वर्षं मिळतात. केंद्राच्या एकीकृत पेन्शन योजनेत निम्म्या वेतनाची पूर्ण पेन्शन हवी तर २५ वर्षांची सेवा लागते, कमी सेवेला त्या प्रमाणात. अशा माणसाला दोन वर्षं फार मोलाची. मग उशिरा लागलेल्यांचा वेगळा विचार करा अशी मागणी करता येते. सरसकट सगळ्यांना ६० हा त्यावरचा उपाय का, ते मात्र कुणी सांगत नाही.

‘फुकट’ या शब्दाबद्दल फार लिहीत नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं नकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवरची खैरात नाही, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे. ती तारीख आजही पेन्शनर दिन म्हणून पाळली जाते. शिवाय महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांच्या पगारातून दर महिन्याला दहा टक्के कापले जातात. स्वतःच्या पगारातून कापून घेतलेल्या पैशाला फुकट म्हणायचं असेल तर म्हणा.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो. म्हातारपणी सरकार सगळ्यांनाच काही ना काही देतं. हो, देतं. किती ते ऐका.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले इथला कारखान्यातला कामगार, साखर कारखान्याचा कामगार, एसटीचा वाहक, या सगळ्यांची पेन्शन म्हणजे ईपीएस-९५, पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना. १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची योजना. मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के तिकडे जातात, पण वेतन कितीही असो, बहुतेकांचा हिशेब १५,००० वरच. सूत्र सोपं : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. त्यात १५,००० आणि ३५ वर्षं घातली तरी साडेसात हजार येतात. २०१४ पूर्वी तर मर्यादा ६,५०० ची होती आणि त्या काळातली सेवा त्याच मर्यादेनं मोजली जाते. त्यामुळं माझ्यापुढं येणारे बहुतेक कागद दोन-तीन हजारांचे असतात. किमान पेन्शन १,००० रुपये, सप्टेंबर २०१४ पासून तीच. आणि यावर महागाई भत्ता नाही. ज्या दिवशी जो आकडा ठरला तो मरेपर्यंत तोच. सरकारी पेन्शनरला दरवर्षी भत्त्याची वाढ, इंग्लंडच्या म्हाताऱ्याला दरवर्षी वाढ, आणि आमच्या मोल्डरला काही नाही. त्यातही कंत्राटदार बदलला की पीएफ क्रमांक बदलतो, मधली वर्षं जुळत नाहीत, पेन्शनला लागणारी किमान दहा वर्षांच्या सेवेची अट हुकते. इचलकरंजीच्या अनेक यंत्रमाग कामगारांच्या नावावर तर पीएफच नाही.

मग उरते श्रावणबाळ योजना. वय ६५, महिन्याला १,५००, आणि अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत हवं. आता जोडून बघा. ईपीएसचे महिन्याला १,८०० मिळत असतील तर वर्षाचे २१,६०० झाले. म्हणजे दाखला नियमाप्रमाणे काढला तर तो माणूस श्रावणबाळच्या बाहेर. तीस वर्षं घाम गाळून मिळवलेली पेन्शन त्याच्या आड येते. दारिद्र्यरेषेखालच्या ६० वर्षांवरच्या वृद्धांसाठी इंदिरा गांधी योजना आहे, त्यात ७९ वर्षांपर्यंत केंद्राचा वाटा आहे महिन्याला २०० रुपये. हे ‘काही ना काही’.

तेव्हा "आमचं पण ६० होणार का" या प्रश्नाचं उत्तर : नाही, राज्य सरकारनं वय वाढवलं तरी ईपीएसशी त्याचा संबंध नाही. तुमची पेन्शन ५८ लाच लागू होते. नोकरी चालू असेल आणि अडचण नसेल तर ती ६० पर्यंत थांबवता येते, थांबलेल्या प्रत्येक वर्षाला चार टक्के वाढ मिळते. उलट ५० नंतर लवकर उचलली तर दर वर्षाला चार टक्के कायमचे कमी. पोरीच्या लग्नासाठी पन्नाशीतच फॉर्म भरणाऱ्यांना मी हे आधी सांगतो.

राहिलं ते ‘निर्णय झालाय’. वय बदलायचं तर महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधला नियम १० बदलावा लागतो. त्याची वित्त विभागाची अधिसूचना निघते, तिला क्रमांक असतो, तारीख असते, खाली सही असते. या मजकुराला यातलं काहीच नाही, ‘पुढच्या महिन्यापासून’ तेवढं आहे. कुणी पाठवला तर अधिसूचनेचा क्रमांक मागा.