तो 'कॅने' परत द्या

आज मुलाच्या शाळेत स्कॉटिश बालगीतांचा कार्यक्रम होता आणि तिथून मी धुमसतच घरी आले. आजीला बसमधून ढकलायचे नाही, असे बजावणारे ते जुने गाणे मुलांच्या हातातल्या कागदावर छापले होते. मात्र त्यातला 'कॅने' (म्हणजे 'करता येत नाही') हा स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेतला शब्द काढून तिथे इंग्रजी 'कॅनॉट' बसवला होता. मुले त्या शब्दाशी दर वेळी अडखळत होती. मागच्या रांगेत एक आजोबा मूळ शब्दांनी गाऊ लागले आणि आपलेच काहीतरी चुकले असे वाटून गप्प झाले.

मला 2011 सालचे, स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले सभागृह आठवले. आई साताऱ्याहून पहिल्यांदाच आमच्याकडे आली होती आणि चार वर्षांच्या लेकीला घेऊन आम्ही 'द सिंगिंग केटल' (गाणारी किटली) या मुलांसाठी गाणाऱ्या संचाच्या कार्यक्रमाला गेलो होतो. मुलांनी तोटी, दांडी आणि झाकण यांचा गजर केला की एका रंगीत किटलीचे झाकण उघडायचे आणि आतून निघालेल्या वस्तूवरून पुढचे गाणे ठरायचे. आईला इंग्रजीचा गंध नव्हता. मी तिच्या कानात सांगितले, की ही आजी आईची आई आहे म्हणून तिला ढकलायचे नाही, दुसरीला ढकलले तरी चालेल. "म्हणजे मी वाचले गं बाई!" असे म्हणत तिने नातीला मांडीवर ओढले आणि डोळे पुसत हसत राहिली.

सिला फिशर आणि आर्टी ट्रेझाईज या लोकगायक दांपत्याने 1982 मध्ये स्कॉटलंडच्या फाइफ भागात हा संच सुरू केला. पुढे गॅरी कूपलंड यांचे अ‍ॅकॉर्डियन त्यांच्या जोडीला आले आणि 2015 पर्यंत किटल्या उघडत राहिल्या. आजीचे हे गाणे अंगणांत आणि शाळेच्या मैदानांवर पोरांच्या तोंडी वाढलेले आहे. ते त्यांनी पोरांच्याच बोलीत रंगमंचावर आणले, कुठेही इस्त्री केली नाही. ज्या देशात स्कॉट्स बोलल्याबद्दल वर्गात पट्ट्याचे फटके बसत, तिथे ही लहान गोष्ट नव्हती. 2025 मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने या भाषेला अधिकृत दर्जा दिला आणि शाळेत आम्ही तिचा एक साधा शब्द सहन करू शकत नाही? संताप येतो!

बाहेरून आलेल्या मुलांना स्कॉट्स कळत नाही, हे शिक्षिकेचे म्हणणे खोटे नाही. माझ्या मुलालाही ती सुरुवातीला कळत नव्हती. पण माझ्या आईला तरी कुठे काय कळत होते? तो एकच शब्द तिने उचलला आणि साताऱ्याला नेला. आजही गुडघे दुखले की ती म्हणते, "आता जिना चढणं कॅने."

हे लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्याच शिक्षिकेने शाळा सुटल्यावर थांबून तीस कागदी किटल्या कापल्या होत्या, प्रत्येकीला उघडणारे झाकण होते. तिचा जीव मुलांत आहे, हे मला दिसते.

संध्याकाळी आईला फोनवर सगळे सांगितले. तिने नातवाला फोनसमोर बसवले आणि तो शब्द त्याच्याकडून चार वेळा म्हणवून घेतला. मूळ शब्दांचा कागद मी लिहून ठेवला आहे. उद्या तो शिक्षिकेच्या हातात देणार आहे.