'पैसे मोजलेला डेटाबेसच सेफ' हा मेसेज फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

एक मेसेज खूप फिरतोय. त्यात तीन दावे आहेत: पोस्टग्रेससारख्या फुकट वापरता येणाऱ्या ओपन सोर्स डेटाबेसचा कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो हॅक होतो, लायसन्सवाल्या डेटाबेसमध्ये सगळी सिक्युरिटी आधीच असते, आणि काही झालंच तर कंपनी जबाबदार.

पहिला दावा. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर वर्म (आपोआप पसरणारा व्हायरस) आला तो मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००० मधल्या भोकातून, कोड बंद असूनही दहा मिनिटांत अंदाजे ७५ हजार मशीन बाधित झाली, आणि पॅच (दुरुस्ती) तर जुलै २००२ मध्येच आला होता, लोकांनी लावलाच नव्हता! २०१७ मध्ये तेव्हा ओपन सोर्स असलेला मोंगोडीबी डेटाबेस वापरणाऱ्यांचा डेटा पुसून खंडणी मागितली गेली, तिथेही कोड वाचून काही शोधायची गरज पडली नाही, डेटाबेस बिनपासवर्डचे इंटरनेटवर उघडे पडले होते.

दुसरा. ओरॅकल या विकतच्या डेटाबेसमध्ये फाइल्स एन्क्रिप्ट करणारं (किल्लीशिवाय वाचता येऊ नयेत अशा करणारं) टीडीई हवं तर एंटरप्राइज एडिशन घ्या आणि वर अ‍ॅडव्हान्स्ड सिक्युरिटीचे वेगळे पैसे भरा. एसक्यूएल सर्व्हरच्या स्वस्तातल्या स्टँडर्ड एडिशनमध्ये टीडीई यायला २०१९ची व्हर्जन उजाडली. याउलट पोस्टग्रेसमध्ये रो लेव्हल सिक्युरिटी (कुणाला टेबलच्या कोणत्या ओळी दिसाव्यात ते ठरवणं) ९.५ व्हर्जनपासून फुकट आहे, पासवर्डसाठी स्क्रॅम ही जास्त सुरक्षित पद्धत १० मध्ये आली आणि १४ पासून तीच डिफॉल्ट. पण खरं ते सांगायलाच हवं, मूळ पोस्टग्रेसमध्ये टीडीई नाहीये, डिस्क एन्क्रिप्ट करा नाहीतर पीजीक्रिप्टो या एक्स्टेंशनने ठरावीक कॉलम, आणि सुपरयूजरला (सगळे अधिकार असलेल्या खात्याला) सगळं दिसतं. ओरॅकलचं डेटाबेस व्हॉल्ट डीबीएलाही (डेटाबेस सांभाळणाऱ्यालाही) डेटा बघण्यापासून अडवू शकतं, बँकेला ते लागत असेल तर खुशाल पैसे मोजावेत, माझी काही हरकत नाही. मात्र पोस्टग्रेसमध्ये कुणाला आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी_एचबीए फाइलमध्ये बाहेरच्या आयपीला 'ट्रस्ट' (म्हणजे बिनपासवर्ड प्रवेश) देऊन ठेवायचं आणि मग पोस्टग्रेसच्या नावाने ओरडायचं, हे बरोबर नाही.

तिसरा दावा सगळ्यात घातक वाटतो मला. ओरॅकलच्या लिसनरमधला (बाहेरून येणारी कनेक्शन्स घेणाऱ्या भागातला) दोष एका संशोधकाने २००८ मध्ये कंपनीला कळवला होता, २०१२ मध्ये तो दुरुस्त झालाय असं समजून त्याने माहिती जाहीर केली, तर कळलं की वापरात असलेल्या व्हर्जन्सना पॅचच नाही, मग कंपनीने सेटिंग बदलून बचाव करायला सांगितलं, आणि ते बदलायचं कुणी तर ग्राहकाच्याच डीबीएने. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन कायदाही जबाबदारी डेटा गोळा करणाऱ्या संस्थेवरच टाकतो, सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत, आणि डेटाबेस फुकटचा होता की विकतचा याने त्यात काहीच फरक पडत नाही.