अंबाझरीचं हिरवं पाणी अंबाझरीत थांबत नाही

रविवारी सकाळी नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या काठावर गेले होते. पोपटी ऑइलपेंटचा डबा कुणी पाण्यात उपडा केलाय असं वाटावं, असा थर काठाशी साचला होता. त्यात दोन मासोळ्या उलट्या पडलेल्या. जाळं धूत बसलेले दादा म्हणाले, "हे हिरवं चढलं का पहाटं मासोळ्या वर येते जी. हवाच नाही भेटत तिले."

अगदी बरोबर बोलले ते. शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढून घेतं. मेल्यावर सडताना तर उरलासुरलाही संपवतं.

हातमोजे घालून त्या पाण्याची एक बाटली भरून आणली आणि रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवली. (उघड्या हातांनी हे करू नका.) सकाळी बघते तर खालचं पाणी बऱ्यापैकी नितळ आणि वर बोटभर जाड हिरवी साय. साधं शेवाळ बहुधा तळाशी बसतं. असं तरंगून वर येतं ते बहुतेक वेळा नीलहरित शेवाळ. नाव शेवाळ, पण ते असतात जिवाणू. त्यांच्या पेशींत हवेच्या बारीक पिशव्या असतात, म्हणून ते उन्हाकडे वर येतात.

सगळंच नीलहरित शेवाळ विषारी नसतं, पण नुसतं बघून ते ओळखताही येत नाही. मायक्रोसिस्टिस नावाचा प्रकार मायक्रोसिस्टिन नावाचं विष तयार करतो आणि ते थेट यकृतावर घाव घालतं. पाणी उकळून ते जात नाही, उलट पेशी फुटून विष पाण्यात उतरतं. तणनाशकासारखं औषध फवारलं तरी तोच धोका. 1996 साली ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात असं पाणी डायलिसिससाठी वापरलं गेलं आणि 50 हून जास्त रुग्ण दगावले. 2014 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ईरी सरोवराचं पाणी नळाला येत असूनही लाखो लोकांना ते पिऊ नका म्हणून सांगावं लागलं.

आपल्याकडे दरवर्षी काय होतं? जलपर्णी वाढते, मशीन येतं, ढीग काढले जातात, फोटो छापून येतात. जलपर्णी काढायलाच हवी. पण वरून सांडपाणी येतच राहिलं, तर मोकळ्या झालेल्या पाण्यावर ऊन पडतं आणि त्याच खतावर शेवाळ माजतं. हे खत म्हणजे मुख्यतः फॉस्फरस. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 1973 मध्ये एका तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकलं, दुसऱ्यात त्यासोबत फॉस्फरसही. दुसरा भाग हिरवागार झाला. ही गोष्ट कळून 50 वर्षं उलटली, तरी आपण अजून वरवरची घाणच उपसतोय. मैलापाण्यात फॉस्फरस असतो आणि साध्या शुद्धीकरण केंद्रात तो पुरता निघत नाही, त्यासाठी वेगळी प्रक्रिया लावावी लागते. तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस तर प्राणवायू संपला की पुन्हा पाण्यात येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की तलाव एकेकटा मोजू नका. पाणी लाव्हा आणि वाडी या भागांकडून अंबाझरीत येतं, तिथून नाग नदीत, पुढे पिवळी नदी मिळते, मग कन्हान, मग वैनगंगा आणि शेवटी गोसीखुर्दचं धरण. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी ओसंडून घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा हे सगळं एकमेकांना जोडलेलं आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या जिन्यावर त्या चिखलाची रेघ अजून आहे.

नीरीसारखी पर्यावरण संशोधन संस्था नागपुरातच आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळा ओसरल्यावर दर पंधरा दिवसांनी अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागरचं पाणी तपासा. मायक्रोसिस्टिनचा आकडा काठावर मराठीत, मोठ्या अक्षरात लावा. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला 1 मायक्रोग्रॅम आहे, तीही शेजारी लिहा. आणि अंबाझरीत उतरणारा प्रत्येक नाला वरच अडवून त्याचं पाणी फॉस्फरससकट शुद्ध करा. तोवर हिरवा थर दिसला तर मुलांना आणि कुत्र्यांना पाण्यात उतरू देऊ नका.

माझी आत्या वैनगंगेकाठच्या पवनीला राहते. परवा फोनवर म्हणाली, "यंदा इकडंही नदी हिरवी दिसून राहिली वो. तुमच्याकडलंच पाणी ना हे?" मी हो म्हटलं.